आवाज लागेपर्यंत

१

शनिवार आला की वैजयंतीचं ठरलेलं असायचं. जेवण उरकून ती स्कूटीवर पायापाशी पेडल, माईक आणि स्पीकरची बॅग ठेवायची, पाठीला गिटार अडकवायची आणि नारायणगावातून पिंपळवंडीच्या अंगाला असलेल्या अरिहंतच्या रिसॉर्टवर जायची. अरिहंत म्हणजे नारायणगावातल्या भांड्यांच्या दुकानवाल्यांचा धाकटा. बापानं गल्ल्यावर बसवला, तर या पठ्ठ्यानं द्राक्षाच्या बागेत खोल्या बांधल्या आणि पुण्याची माणसं आणून झोपवायला लागला. माणूस मोकळा, फक्त एक भुणभुण कायम लावायचा. "ताई, तुमच्या स्पीकरची बॅटरी मेलीय. वायर लावल्याशिवाय तो हूं की चूं करत नाही. बदला आता." ती म्हणायची, बदलते. बदलायची काही नाही.

कार्यक्रम तिचा एकटीचा, पण डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, अख्खी मंडळी बसलीत. सगळी करामत त्या पेडलची. चपट्या डब्याएवढं यंत्र, त्यावर पायानं दाबायचं बटण. दाबलं की ते तुमचा आवाज धरतं, पुन्हा दाबलं की तोच आवाज घाण्याच्या बैलासारखा गोल फिरायला लागतो. त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. गिटारच्या लाकडावर थाप मारून ठेका धरायचा, त्यावर गुणगुणणं, त्यावर गाणं. आणि सगळं रंगात आलं की वैजयंतीची खास खोडी असायची. ती गिटार ठेवायची, स्टेजवरून उतरायची आणि लोकांतल्याच एखाद्या रिकाम्या खुर्चीत जाऊन पाणी पीत बसायची. वर गाणं चालूच. लोक एकदा स्टेजकडे बघायचे, एकदा तिच्याकडे, आणि मग टाळ्यांचा नुसता पाऊस.

एक गोष्ट मात्र तिच्या कानाला नेहमी टोचायची. थर भरताना तिनं जिथं श्वास घेतला असेल तिथंच तो दर फेऱ्याला पुन्हा यायचा. त्याच जागी आणि तेवढाच. ऐकणाऱ्यांना ते कळत नसे, तिला कळायचं.

२

तिचे वडील, सावळेराम आबा, एकदाच तो कार्यक्रम बघायला आले होते. नारायणगावात छातीच्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं, तशीच ती त्यांना तिकडे घेऊन गेली. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, आणि हातात अरिहंतनं आग्रहानं दिलेला द्राक्षाचा रस. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा आबा रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून स्टेजकडे बघत राहिले.

"कसं वाटलं?" परतीच्या वाटेवर तिनं विचारलं.

"लई आवाज हाय," आबा म्हणाले. "पर तू एकटीच."

"अहो, तीच तर गंमत आहे."

"तू उठून गेलीस तवा कोन गात व्हतं?"

"मीच. मघाची मी."

"आन् मघाचीनं उठताना कुनाला सोपवलं?"

वैजयंती हसली. "पेडलला सोपवलं, आबा."

आबांना हसू आलं नाही. "सोपवल्याबिगर उठू नये, वैजे," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं तिला कळलं नव्हतं असं नाही. त्यांचं गाव हेदमाळ, आंबेगाव तालुक्यात पार पश्चिमेला, धरणाच्या वरच्या डोंगरात. भात, नाचणी आणि हिरड्याची झाडं, यावर चालणारं गाव. तिथं हनुमान जयंतीला सप्ताह उठायचा. पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळात वीणा गळ्यात घ्यायची, ती काल्यापर्यंत जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्याकडे वीणा त्यानं उभं राहून रामकृष्णहरी म्हणत राहायचं. त्याचा पहारा संपला की पुढचा माणूस मागे येऊन उभा राहणार, आपला आवाज त्याच्या आवाजात मिसळणार, आणि तो नीट लागला की मगच पहिल्यानं थांबायचं. मग हार आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आवाजाला आवाज लागल्याशिवाय सोडायचं नाही, हा नियम. पूर्वी बाया नुसते टाळ घ्यायच्या. पण तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पांगली, तेव्हा बायांनीही वीणा घ्यायला सुरुवात केली, आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरनं आबांना बजावलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही. आबांनी मान हलवली होती. ती मान कसली हलली होती, ते वैजयंतीला चांगलं ठाऊक होतं.

३

फोन शीलाचा आला, हेदमाळच्या शेजारणीचा, गावाच्या वर रेंज येते त्या टेपाडावरून. शनिवार होता. बॅग स्कूटीवर ठेवून झाली होती.

"वैजे, तुझं आबा ऐकंनात. सकाळपास्नं वीणा धरून हुभं हायेत. तोंड पांढरं फट पडलंय."

"दुपारचा पहारा गेणभाऊंचा असतो ना?"

"आगं, गेनभाऊ संक्रांतीच्या आधीच वारलं न्हवं का. आबा म्हन्लं, त्येचा पहारा मी करतो. आमी समदी हिरड्याला चाललोय, गावात कुत्रं नाय. म्होरला पहारा ठमाबाईचा, तिला घेऊन मी दिस कलताना येते. तवर तू ये बाय."

वैजयंतीनं अरिहंतला कळवलं की आज येत नाही, आणि स्कूटी डोंगराच्या रस्त्याला घातली. बॅग खाली काढायचं काही सुचलं नाही. मनात एकच चाललं होतं. आबांच्या गळ्यात वीणा आहे, घ्यायला कुणी येत नाही, तोवर ते सोडणार नाहीत. आणि सोडली नाही तर पडतील. इतका साधा हिशोब होता.

४

हेदमाळात ती पोचली तेव्हा ऊन अजून तापलेलंच होतं. देवळापुढच्या अंगणात चटयांवर बाळहिरडे, हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेले, काळे आणि सुरकुतलेले. घरांच्या कड्या लागलेल्या. सप्त्याची दिव्यांची माळ भर उन्हात लुकलुकत होती, कुणी बंद केली नव्हती. आणि आतून आबांचा आवाज येत होता.

आवाज म्हणायचा म्हणून. आतल्या आत घासल्यासारखा. ते खांबाला पाठ लावून उभे होते, धोतर घामानं पायांना चिकटलेलं, बोट मात्र तारेवर चालू. तिला बघून त्यांचे डोळे ओलावले, पण ओठ थांबले नाहीत.

ती एरवी गळा तापवल्याशिवाय गायची नाही. आता तर प्रवासानं घशाला कोरड पडलेली. सवयीनं तिनं बॅग उघडली, पेडल खाली मांडलं, माईक कट्ट्यावर टेकवला, स्पीकरची वायर पंख्याच्या बोर्डात खुपसली. आवाज दमला तर आधाराला असू द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. आबा ते सगळं बघत होते. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बोलून म्हणता येत नव्हतं, तोंडात नाम होतं.

"थोडाच वेळ, आबा," ती म्हणाली, खांबाच्या कडेनं त्यांच्या मागे गेली आणि आपला आवाज त्यांच्या आवाजात मिसळला. दोन आवाज जुळले. आबा थांबले. त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला, वीणा दिली, आणि लेकीच्या पायाला हात लावला. तिच्या अंगावर काटा आला. बाप पाया पडतोय म्हणून नव्हे, तिथं सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. वीणा तिला वाटली होती त्याहून कितीतरी जड होती, म्हणून.

आबा भिंत धरत बाहेर गेले आणि अंगणापलीकडे आपल्या ओट्यावर सावलीत बसले. दारातून ते तिला समोर दिसत होते.

५

सुरुवातीला बरं चाललं होतं. पण रिसॉर्टवर गाणं वेगळं आणि हे वेगळं. गाण्याला शेवट असतो, मध्ये लोक टाळ्या वाजवतात, तेवढ्यात घोट घेता येतो. इथं नुसतं पुढं जायचं. तिचा घसा बसायला लागला. मग पायानं तिनं बटण दाबलं.

एक थर धरला. त्यावर दुसरा, थोडा खालच्या पट्टीत. मग तिसरा. दगडी देवळात ते असं काही घुमलं की तिलाच भरून आलं. गाभारा भरला, मंडप भरला. ती हळू आवाजात बरोबर म्हणत राहिली, घशाला आराम मिळाला. आबा ओट्यावरून बघत होते. कपाळावर आठी होती की ऊन होतं, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

आणि मग तिच्या कानाला काहीतरी खटकलं. श्वास. तिचा श्वास जिथं यायचा तिथं आला, ठरल्याप्रमाणे. पण लगेच मागून आणखी एक आला. तिनं मनात म्हटलं, दगड आहे, घुमणारच. पुढच्या फेऱ्याला तो तिथं नव्हता. दुसरीकडेच आला.

घुमलेला आवाज जागा बदलत नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं स्वतःला समजावलं की थर भरताना आपलाच पाय चुकला असेल. तिनं कान दिला. तीन थर तिचे. त्यांच्या मागून एक चौथा, जरा उशिरा येणारा, हरी म्हणताना सगळ्यांच्या मागं राहणारा. जाडसर, बाईमाणसाचा. ऐकायला भीती वाटावी असा मुळीच नव्हता. भीती वाटली ती त्याच्या ओळखीची.

तेवढ्यात ओट्यावर आबा एका अंगाला कलंडले.

वैजयंतीनं दुसरा विचार केला नाही. खांबाला खुंटी होती. वीणा तिनं खुंटीला अडकवली, जमिनीला टेकू दिली नाही. हार वर टाकला. नाम पेडलवर चालू होतंच. स्टेजवरून उतरायची तशी ती उतरली आणि अंगणातून धावत सुटली. पायाखाली हिरडे फुटत गेले.

६

आबांना तिनं आडवं केलं, मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं, घोटभर पाजलं. त्यांचा श्वास वरवर चालला होता. हात गार. तिनं फोन काढला, रेंजची एक काडी नव्हती. उचलून न्यावं तर स्कूटीवर अशा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला बसवणार कसं. तिला रडू कोसळलं आणि ती मोठ्यानं रडली. ऐकायला होतं कोण.

आबांनी डोळे उघडले. "वीणा कुनाकडं हाय?"

"आहे. तुम्ही गप पडा."

"कुनाकडं?"

आबांनी देवळाकडे कान केला, आणि बघता बघता त्यांचा चेहरा निवळला. लग्नघरी कुणी ओळखीचं भेटल्यावर माणूस हसतो, तसे हसले.

"गेनभाऊ आला व्हय," ते म्हणाले. "आपला पहारा सोडायचा नाय गडी."

"आबा, ते पेडल आहे. मीच आहे ती."

"भागू बी हाय. तिचा टाळ वळखू येतो." त्यांनी डोळे मिटले. "आन् त्या समद्यांच्या मागनं तुझी आई. गोजर कवा येळंवर आली नाय. नेहमीच हरी म्हनताना मागं ऱ्हायची."

भागू गेणभाऊंच्याही आधी वारली होती, आणि वैजयंतीची आई जाऊन तर बराच काळ लोटला होता. तिनं देवळाकडे पाहिलं. दारावरची दिव्यांची माळ विझलेली होती. दुपारची वीज जाते तशी गेली होती. आतला पंखा थांबलेला दिसत होता.

आणि आवाज चालू होता. चालू म्हणजे काय, वाढत होता. तीन नव्हते, पाच नव्हते. म्हातारे, तरणे, पोक्त बायका, घोगरे, चिरके. मोजायला जावं तर मागून आणखी येत होते. सबंध दरी भरावी एवढी माणसं एका पट्टीत, घाई नाही, ओढाताण नाही. आयुष्यभर आवाजावर आवाज रचत आलेली ही पोरगी. असं काही रचता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. ती मान वर करून ऐकत राहिली.

"ते खोळंबल्यात," आबा म्हणाले. "घ्यायला कुनी येतंय का बघत्यात. जातो मी."

ते उठू लागले.

तेव्हा तिला सगळं एकदम कळलं. तिनं वीणा कुणाला सोपवली नव्हती. म्हणून ज्यांनी घेतली त्यांना आता कुणीतरी हवं होतं. आवाज लागेपर्यंत ते सोडणार नव्हते. आबांचा आवाज तिथं लागू द्यायचा नव्हता. तिनं त्यांना खांद्याला धरून खाली निजवलं आणि देवळाकडे निघाली.

७

भर उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येतो. तेवढाच वेळ तिला मिळाला, आणि तेवढ्याच वेळात जे दिसलं ते दिसलं.

पेडलवरचा लाल दिवा विझलेला होता. खुंटी रिकामी होती. वीणा खांबापासून दोन हात पुढे, माणसाच्या छातीच्या उंचीवर होती. हार खाली लोंबत नव्हता, कुणाच्या तरी छातीवर रुळावा तसा थोडा पुढे आलेला होता. आणि त्याच्या मागे, मारुतीपर्यंत, मंडप गच्च भरलेला होता. कशानं, ते दिसलं नाही. फक्त मागची भिंत दिसत नव्हती.

तिनं पहिलं नाम म्हटलं ते नुसतं वाऱ्यासारखं गेलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला तिचा आवाज त्या सगळ्यांच्या मधोमध बसला, आणि तिला वाटलं, इथंच राहावं. कुठल्याही स्टेजवर आपल्याला इतकी जागा कुणी दिली नव्हती.

वीणा तिच्या खांद्यावर आली. कुणीतरी सांभाळून दिली, पट्टा मानेवर नीट बसवून. मग पायांच्या अंगठ्यांना थंड बोटं लागली, एकामागून एक, आणि एकेक आवाज थांबत गेला. शेवटी एकच उरला, मागं राहणारा. तो जरा जास्त वेळ थांबला. मग तोही गेला. तिच्या डोळ्यांना दिसायला लागलं तेव्हा देवळात ती होती, शेंदूर फासलेला मारुती होता आणि बंद पडलेला पंखा.

ती म्हणत राहिली. पाय भरून आले, घसा सोलून निघाला. दारातून ओट्यावर आबा दिसत होते, उताणे पडलेले. छाती हलते का ते काही तिला दिसत नव्हतं.

आणि मग तिच्या पाठीमागून आवाज लागला.

स्वच्छ, खणखणीत, तरुण. तिच्या लहानपणी बांधावरून हाक मारायचा तोच. आबांचा. तिनं ओट्याकडे पाहिलं. आबा तिथंच होते, ओठ मिटलेले. मागचा आवाज तिच्या आवाजात इतका सुरेख मिसळला की मध्ये केसाएवढी फट राहिली नाही. आता नियमाप्रमाणे तिनं थांबायचं होतं. गळ्यातला पट्टा कुणीतरी अलगद उचलू लागलं.

वैजयंती थांबली नाही. दोन्ही हातांनी तिनं वीणा छातीशी आवळली आणि म्हणत राहिली, सूर गेला, ताल गेला, नुसतं ओरडणं उरलं तरी म्हणत राहिली. मागचा आवाज रागावला नाही. तो वाट बघत तिच्याबरोबर चालत राहिला. आपल्या आवाजाशी इतका एकजीव झालेला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता, आणि तो संपावा म्हणून ती जिवाच्या आकांतानं त्याच्यावर ओरडत होती.

८

उन्हं कलल्यावर वाटेवर माणसांची चाहूल लागली. ठमाबाई हिरड्याचं ओझं दारात टाकून तशीच आत आली, मागे उभी राहिली आणि तिनं आपला आवाज लावला. पिकलेला, जरा कापरा, जिवंत माणसाचा. तो लागला तेव्हा दुसरा कुठं गेला, ते वैजयंतीला कळलं नाही. तिनं वीणा दिली, ठमाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाहेर धावली.

शीलानं आबांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, तोंडाला चहा लावला होता. "आलं बघ सुद्दीवर. गाडीला सांगितलंय, घोडेगावला दवाखान्यात न्यायचं," असं म्हणून ती अंथरूण आणायला घरात गेली.

आबांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"माझा आवाज लागला व्हता ना?" त्यांनी विचारलं.

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मग का नाय सोडलंस? जागा केली व्हती त्यांनी माझी. तुझ्या आईच्या म्होरंच."

"मला सोडायचं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रागावले नाहीत, पण समजूत पटली असंही दिसलं नाही. समोर देवळातून ठमाबाईचं नाम येत होतं, एकटीचं. आबा कान देऊन ऐकत होते, पण तिच्या आवाजाच्या मागचं काहीतरी. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले.

वैजयंतीनं हात पुढे केला आणि तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. त्यांनी तो काढला नाही. गाडीचा आवाज वळणावर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि तळव्याला त्यांचा ऊन श्वास लागत होता, कधी लवकर, कधी उशिरा.